कोरी पाने वगळावीत

...टाचणी गंजली की ती कागदाला टोचलेली राहत नाही, त्याच्यात मुरते. तिला ओढायला जावं तर ती एकटी येत नाही, कागदाचा तांबूस लचका घेऊनच येते; म्हणून आधी खालून पातळ पट्टी सरकवायची, श्वास धरायचा आणि टाचणीला कळू न देता तिला मोकळं करायचं. जुने सरकारी कागद स्कॅन करून जपण्याच्या या खात्यात त्याला हे काम सगळ्यात जास्त आवडायचं, कारण तेवढ्या वेळात मनात दुसरा कुठलाही विचार शिरू शकत नसे. निदान दोन वर्षांपूर्वीपर्यंत शिरत नसे. आता टाचणी अर्धी निघाली की ते हटकून आठवायचं, आणि उरलेली अर्धी टाचणी तो दुसऱ्याच कुणाच्या तरी हातांनी काढल्यासारखी काढायचा.

"काय एकोणीस टक्के, सकाळी सकाळी समाधी लागली वाटतं?"

स्कॅनरताई. स्कॅनरवर बसतात म्हणून स्कॅनरताई. त्यांनी ऑफिसातल्या प्रत्येकाला एकेक नाव बहाल केलेलं होतं आणि ती नावं सेवापुस्तकातल्या नावांपेक्षा जास्त टिकाऊ होती. कार्यालयप्रमुखांचं नाव 'तूर्तास', कारण त्यांचं कुठलंही वाक्य त्याच शब्दाने सुरू व्हायचं आणि बहुतेक वेळा तिथेच संपायचं. त्याचं नाव 'एकोणीस टक्के'.

"समाधी नाही, टाचणी आहे," तो म्हणाला.

"मग काढा लवकर. माझा ट्रे रिकामा चाललाय."

हेच. अगदी हेच त्या तेव्हाही म्हणाल्या होत्या...

एकोणीस टक्के ही त्याच्या आयुष्यातली एकमेव गौरवाची गोष्ट. तीन वर्षांपूर्वी खात्याला एक कोटी पानांचा समारंभ करायचा होता. पानं कोटी भरायला हवी होती आणि सर्व्हरवर जागा मात्र उरली नव्हती. अशा पेचातून सरकार नेहमी मार्ग काढतं, फक्त तो मार्ग कुठल्यातरी कारकुनाच्या टेबलावरून जातो. या वेळी टेबल त्याचं होतं. मोजणी व्हायची ती कागद यंत्रात शिरताना, आणि जागा लागायची ती यंत्रातून बाहेर पडलेल्या चित्रांना. या दोहोंच्या मध्ये सॉफ्टवेअरमध्ये एक चौकोन होता – 'कोरी पाने वगळावीत: होय / नाही'. त्याने 'होय' केलं. एवढंच. बोटाला इजासुद्धा झाली नाही. कोटी भरली, जागा उरली, त्या महिन्यात साठवणुकीत एकोणीस टक्के बचत झाली, आणि समारंभात त्याला जाड कागदावरचं प्रशस्तिपत्र मिळालं. ते बायकोने बैठकीच्या खोलीत घड्याळाशेजारी लावलं. म्हणजे घरात वेळ बघायची तर आधी ते बघावं लागे. गेली दोन वर्षं त्याला घरात किती वाजले ते माहीत नसे.

एकोणीस टक्क्यांतली बहुतेक पानं खरोखरच कोरी होती, हे त्याने स्वतःला पुष्कळदा समजावलं होतं. पण त्या महिन्यात शिशुगृहाची अकरा खोकी आली होती. सरकारी शिशुगृह, केव्हाच बंद झालेलं. तिथे सोडलेल्या मुलांची प्रवेशपत्रकं, एका खोक्यात शंभर या हिशेबाने अकराशे. पुढच्या बाजूला छापील रकाने आणि त्यांत शाईने भरलेली माहिती – वजन, अंदाजे वय, सोबतचे कपडे. तळाशी प्रत्येक पत्रकावर एकाच हातचं तिरकं अक्षर: 'नोंदी मागे'. आणि मागे शिसपेन्सिल. यंत्राला पेन्सिल दिसत नाही असं नाही. पण फिकट अक्षर आणि कागदाचा मळ यांत फरक करत बसायला त्याला वेळ नसतो, त्यालाही उद्दिष्ट दिलेलं असतं. त्याने अकराशे पाठी कोऱ्या ठरवल्या आणि वगळल्या.

नियम असा होता, की दर दहा कागदांमागे एक कागद हातात घेऊन, उलटून, पडद्यावरच्या चित्राशी ताडून बघायचा. त्याने पडद्यावरची चित्रं सरळ आली आहेत का तेवढं बघितलं. समारंभाला चार दिवस होते. मग लिहिलं – 'मूळ कागद व प्रत यांची पडताळणी केली असता फरक आढळला नाही' – आणि खाली सही. सही झाल्यावर कागद ठेवायची गरज उरत नाही. ट्रक आला आणि ते लगदा करायला घेऊन गेला. त्या लगद्याचं पुढे काय होतं, असं त्याने नंतर एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं होतं. अंड्यांचे ट्रे, असं कळलं. तेव्हापासून तो दुकानातून अंडी पिशवीत सुटी आणतो आणि रोज दोन फुटतात. बायको म्हणते, "अहो, ट्रे काय चावतो का तुम्हाला?" तो हसतो. चावतो, असं कसं सांगणार?

हे त्याला कळलं ते दोन वर्षांपूर्वी, पहिला अर्ज आला तेव्हा. शिशुगृहात वाढलेल्या कुणीतरी आपल्या पत्रकाची प्रत मागितली होती. त्याने ते पडद्यावर उघडलं, 'नोंदी मागे' वाचलं, पुढचं चित्र उघडलं – तर ते दुसऱ्याच मुलाचं पोट होतं. ऑफिसच्या भाषेत दोन्ही बाजूंनी लिहिलेल्या कागदाला पाठपोट म्हणतात. पोटामागून पोट, पोटामागून पोट... पाठ एकालाही नाही. त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी जेवला. माणसाचं असंच असतं, आणि हेच त्याला जास्त लागलं. अर्जदाराला त्याने पुढच्या बाजूची प्रत पाठवली, सोबत पत्र: 'उपलब्ध अभिलेखानुसार मागील बाजू कोरी आहे.' असे तीन अर्ज आले, तीन पत्रं गेली. चौथं गेल्या महिन्यात. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्याची मूठ झाकून झाकून आता हाताला मुंग्या येत होत्या.

"तुमच्याकडे कुणी बाई आल्यात," स्कॅनरताईंनी दारातून सांगितलं. "सहाशे चौदा म्हणतायत. त्यापुढे काही बोलत नाहीत."

पहिल्या तिघांनी पत्रावर समाधान मानलं होतं. पत्राचा हाच फायदा असतो, त्याला तोंड बघावं लागत नाही.

बाई साठीच्या, ताठ बसलेल्या, जाड काचांच्या चष्म्यामागे शांत डोळे. मांडीवर फाइल. तो समोर बसताच त्यांनी त्याचंच पत्र आणि त्याचीच प्रत टेबलावर त्याच्याकडे तोंड करून ठेवली, म्हणजे वाचायला त्याला सोपं जावं.

"तुम्ही पाठवलंत, आभारी आहे. हे पुढचं पान झालं. मागचं पाठवायचं राहिलं."

"मागे काही नाही." किती गुळगुळीत निघालं. वापरून वापरून गुळगुळीत झालेलं.

"काही नाही म्हणजे कोरं आहे, की नाहीच आहे?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता; खात्याच्या तपासणी पथकानेही नाही, आणि त्यांना तर त्याचाच पगार होता.

"नाही म्हणजे... उपलब्ध अभिलेखानुसार –"

"मी नर्स होते," बाई म्हणाल्या. "छत्तीस वर्षं वॉर्डात काढली. पुढच्या बाजूला आम्ही लिहायचो ते डॉक्टरांसाठी आणि तपासणीसाठी. खरं असायचं ते मागे, पेन्सिलीनं, पुढच्या पाळीवर येणाऱ्या बाईला कळावं म्हणून. कुणाला अंधाराची भीती वाटते, कुणाला नवऱ्याला भेटायचं नाहीये. हे बघा, खाली लिहिलंय, 'नोंदी मागे'. कोऱ्या पाठीवर कुणी असं लिहीत नाही हो."

तो 'नोंदी मागे'कडे बघत राहिला. जणू पहिल्यांदाच दिसतंय.

"मला तिचं नाव नकोय," बाई म्हणाल्या. "या वयात नाव घेऊन काय करू, हाका मारत हिंडू? पुढच्या बाजूला 'आणणारी व्यक्ती: एक बाई' एवढंच आहे. पण हे लिहिणारीनं तिला बघितलं असेल ना? दोन मिनिटं तरी. तिनं काय बघितलं तेवढंच मला हवंय. बाकी काही नाही."

"बसा," तो म्हणाला. "आत बघतो."

नसलेली वस्तू शोधायचा अभिनय सरकारी नोकरीत सगळ्यांना येतो, पण तो फार तर दहा मिनिटं चालतो. त्याने कपाट उघडलं, बंद केलं. दुसरं उघडलं. त्यात छत्री होती. मग त्याचे पाय आपोआप साहेबांच्या खोलीकडे गेले – सांगून टाकावं, एकदाचं – आणि दार लोटताना त्याला खरंच वाटलं, की आपण सांगणार आहोत.

"साहेब, समजा –"

"तूर्तास काही समजू नका," साहेब कागदावरून नजर न काढता म्हणाले.

"नाही, समजा, एखाद्या पाठपोट कागदाची पाठ स्कॅन व्हायची राहून गेली असेल. आणि मूळ कागद नष्ट झाला असेल."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. ते पेन सहसा खाली ठेवत नसत.

"पडताळणीचं प्रमाणपत्र कुणाच्या सहीचं आहे?"

"माझ्या."

"मग राहून गेलेली नाही," साहेब म्हणाले. फार मायेने म्हणाले. "मला आठ महिने राहिलेत निवृत्तीला. तुम्हाला सहा वर्षं. मुलीचं शिक्षण चाललंय ना तुमच्या? हां. मग. चहा घेणार?"

त्याने चहा घेतला. चहा गरम होता, साखर बेताची. ज्या क्षणी आपल्याला सोडून दिलं जातं त्या क्षणी चहा इतका चांगला का लागावा? तो कपातल्या तळाकडे बघत होता आणि तेव्हाच त्याला ते वाक्य आठवलं. आठवलं म्हणजे काय, ते विसरलंच कधी होतं...

तीन वर्षांपूर्वी, याच टेबलावर, शिशुगृहाच्या पत्रकांच्या टाचण्या काढताना त्याने एक पत्रक उलटून वाचलं होतं. एकच. पेन्सिलीने, तिरक्या अक्षरात: 'बाईने विचारले, इथे रात्री दिवा असतो का. असतो असे सांगितले. दारापर्यंत जाऊन चार वेळा परत आली. पाचव्यांदा आली नाही.' वाचून तो थांबला होता. हे स्कॅनरताईंना वाचून दाखवावं असंही वाटलं होतं. त्याच वेळी त्या म्हणाल्या, ट्रे रिकामा चाललाय, आणि त्याने पत्रक ट्रेमध्ये ठेवलं. म्हणजे मागे लिहिलेलं असतं हे त्याला ठाऊक होतं! चार दिवसांनी सही करताना ठाऊक होतं. चूक असती तर झोप लागली असती. ही चूक नव्हती. मला माहीत होतं आणि मी उलटून बघितलं नाही.

ते पत्रक कुणाचं होतं? अकराशेंतलं एक. नंबर त्याने बघितला नव्हता. पण सहाशे चौदा म्हणजे सातवं खोकं – आणि त्या दिवशी सातवंच खोकं होतं, नाही का? त्या दिवशी पंखा बंद होता, कागद उडत नव्हते हे आठवतंय. पंखा बंद होता तो बुधवारी. बुधवारी सहावं संपून सातवं उघडलं... उघडलं होतं? की पाचवं? उघडलं असणार. का नसणार? एक पुरावा दुसऱ्याला हात देत होता, दुसरा तिसऱ्याला, आणि तो कौतुकाने बघत होता, की नसलेल्या कागदाभोवती केवढी नीटस फाइल तयार होते आहे. असल्या फायली त्याने जन्मभर पकडल्या होत्या. लाल पेन्सिलीने समासात 'आधार काय?' असं लिहून परत पाठवल्या होत्या.

बाहेर जाताना त्याने बोलायचं जुळवून ठेवलं होतं: 'बाई, मागे लिहिलेलं होतं. ते आमच्याकडून गेलं. माझ्या सहीने गेलं.' तीन छोटी वाक्यं. पाठ केली होती. बाई तशाच ताठ बसल्या होत्या, फक्त चष्मा काढून हातात घेतला होता, आणि चष्म्याशिवायचे डोळे एकदम कुणाच्याही मुलीचे असावेत तसे दिसत होते.

"मूळ कागद आता राहिलेला नाही," तो म्हणाला. इथवर ठीक. "नियमानुसार –"

"नियमानुसार. हो."

"पण तुमचा कागद मी वाचला होता."

हे कोण बोललं? आवाज त्याचाच होता, जरासा घोगरा. बाईंनी चष्मा घातला, जणू ऐकायलाही तो लागतो. आणि मग त्याने सगळं सांगितलं, एकही शब्द इकडचा तिकडे न करता, दिवा, दार, चार वेळा. शब्द खरे होते. एवढा एकच गुण त्यांच्यात होता. बाईंनी ते ऐकलं, पाळी बदलताना आधीच्या नर्सकडून ऐकून घेतात तसं, मध्ये न बोलता.

"चार वेळा?"

"चार."

"आणि पाचव्यांदा नाही."

"नाही."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "पाचव्यांदा आली असती तर मग तिला जाता आलं नसतं."

आत स्कॅनर गिळत होता कागद, एकेक.

"दिवा नसायचा पण तिथे," बाई म्हणाल्या. त्यांच्या ओठांना किंचित हसू आलं होतं. "मी नऊ वर्षं होते ना. आठ वाजता सगळं बंद, मिट्ट काळोख. त्या बाईंनी तिला खोटंच सांगितलं बघा."

"...हो का?"

"सांगावंच लागतं हो. मी पण सांगायचे. दुखणार नाही म्हणून सांगायचं आणि सुई टोचायची." त्या उठल्या, फाइल छातीशी धरली. "हे लिहून मिळेल का मला? तुमच्या सहीनं?"

"तसं... देता येत नाही. मूळ कागदाशिवाय –"

"राहू दे. तुम्ही वाचलंय ना, बस झालं." आणि दारात वळून म्हणाल्या, "तुम्ही लक्षात ठेवलंत. एवढ्या कागदांतून. देव बरं करो तुमचं."

त्या गेल्या. शिव्या देऊन गेल्या असत्या तर तो त्या घरी घेऊन गेला असता, जपून ठेवल्या असत्या. हे कुठे ठेवायचं?

"रडल्या?" स्कॅनरताईंनी विचारलं.

"नाही. आभार मानले."

"तुमचे?" त्यांनी त्याच्याकडे चष्म्यावरून बघितलं. "कमाल आहे. आमच्या नशिबी नुसता कागद अडकतो."

दुपारी त्याने एकशे बारा टाचण्या काढल्या. शेवटच्या टाचणीपाशी त्याच्या हे ध्यानात आलं आणि तो चमकला: ते आज आलंच नव्हतं! दोन वर्षं छातीवर बसलेलं ते, रोज हजेरी लावणारं, किरकोळ रजासुद्धा न घेणारं, ते आज जागेवर नव्हतं. त्याने मनात इकडे तिकडे शोधलं, खोकी, ट्रक, सही... सगळं होतं, पण कुणा दुसऱ्याच्या फाइलीतलं असावं तसं. खोटं बोललं की बरं वाटतं हे एवढं सोपं असतं? मग लोक प्रामाणिकपणाच्या भानगडीत पडतात तरी कशाला? हा विनोद त्याला सुचला आणि त्यावर हसूही आलं.

संध्याकाळी बसथांब्यावर उभा असताना त्याला ते तिघं आठवले. कोरी पाठ मिळालेले. त्यांच्यावर अन्यायच झाला म्हणायचा. चौथीला मिळालं, आणि ते मात्र पत्रावर गप्प बसले म्हणून रिकामे राहिले. पत्ते होते त्याच्याकडे. पण सगळ्यांना एकच आई कशी देणार? चार वेळा दारातून परत येणारी बाई एकच होती आणि ती त्याने आज देऊन टाकली होती – तिच्या खऱ्या धन्याला किंवा भलत्याच कुणाला. अजून एखादं पत्रक त्या दिवशी उलटलं असतं तर... उलटलं नसेल कशावरून? दिवसभर टाचण्या काढायच्या म्हणजे कागद हातात फिरतोच. एखादी ओळ डोळ्यांखालून गेली असेल, आणि डोळे विसरले असतील...

बस आली. माणसं चढली. तो चढला नाही, कारण ओळ दिसायला लागली होती. तिरकं अक्षर, तेच. 'आणणारा म्हातारा बोलला नाही. टोपी बाकावर विसरला. घ्यायला आला नाही.' हे मी वाचलंय? पेन्सिलीला मध्येच टोक केलेलं होतं, त्यामुळे 'टोपी'च्या पुढची अक्षरं बारीक, टोकदार, कागदात जराशी रुतलेली. इतकं बारीक कुणी मनाने रचू शकतं का? आणि मग दिव्याची ओळ – तीही अशीच, इतकीच स्पष्ट दिसली होती की – नाही, ती खरी, ती हातात होती... त्याने ती आठवून बघितली आणि दोन्ही ओळी शेजारी शेजारी धरल्या, मूळ आणि प्रत धरावी तशा, आणि बघत राहिला. फरक आढळला नाही.

खरं तर इथे त्याला भीती वाटायला हवी होती. थांब्यावर आता कुणी नव्हतं. टोपीच्या खाली आणखी एक ओळ होती, फिकट, अजून नीट लागत नव्हती. आणि मी मान जराशी तिरपी करून, श्वास धरून, ती काय आहे ते वाचायचा प्रयत्न करत होतो.